येवल्याचा हक्क आणि शरणपूरचा प्रश्न

वस्तीतल्या एखाद्या घरात रविवारची प्रार्थना चालू असते. बाहेरून घोळका येतो. 'धर्मांतर चालले आहे' अशी ओरड होते, बायबलच्या प्रती हिसकावल्या जातात. मग पोलीस येतात आणि घोळक्याला सोडून प्रार्थना घेणाऱ्या पास्टरलाच गाडीत बसवतात. देशाच्या अनेक राज्यांत हे आता नेहमीचे झाले आहे. अशा वेळी आमच्या चळवळीतले काही कार्यकर्ते म्हणतात, हा हिंदू आणि ख्रिस्ती यांचा वाद आहे. आपण बौद्ध, आपला त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि नाशिक जिल्ह्यातल्या आंबेडकरी माणसाचा तर सर्वांत जास्त आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी याच शहरात सुरू झाला. पाच वर्षे दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. धर्म बदलण्याचा हक्क ही आमच्या चळवळीची जन्मखूण आहे. तो हक्क ख्रिस्ती माणसाच्या हातून काढून घेतला जात असताना आम्ही गप्प बसलो, तर आमच्या हातातही तो राहणार नाही.

मात्र चर्चच्या हक्कासाठी उभे राहणे म्हणजे चर्चला प्रश्नच न विचारणे असे नव्हे. ते प्रश्न बाबासाहेबांनी स्वतः विचारून ठेवले आहेत.

शरणपूरचे ऋण

नाशिकचा शरणपूर रोड सर्वांना ठाऊक आहे. शरणपूर म्हणजे काय हे फार थोड्यांना ठाऊक आहे. चर्च मिशनरी सोसायटीचे मिशनरी १८३२ साली नाशिकला आले. पुढे १८५५ च्या सुमारास विल्यम साल्टर प्राइस या पाद्र्याच्या पुढाकाराने शहराबाहेर ख्रिस्ती वस्ती उभी राहिली. शरण आलेल्यांचे गाव म्हणून तिचे नाव शरणपूर. तेथे अनाथ मुले होती, घरादाराने टाकलेले नवख्रिस्ती होते. मुलांना अक्षरओळखीबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवले जात.

याच शरणपुरात आफ्रिकेची मुलेही वाढली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडत असे. त्यातून सुटलेली मुले मुंबईस उतरवली जात व त्यांतली काही नाशिकला धाडली जात. 'नाशिक बॉइज' या नावाने ती इतिहासात गेली. डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतील शेवटच्या प्रवासात त्यांच्यातले काहीजण होते. त्यांतला जेकब वेनराइट लिव्हिंगस्टनच्या शवपेटीसोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत त्याने पेटीला खांदा दिला. पुढे प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि तेथे फ्रिअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. नाशिकला शिकलेले आफ्रिकी तरुण तिचा कणा झाले.

विचार करा. ज्या काळात गावच्या विहिरीवर महार-मांगाची सावली चालत नव्हती, त्या काळात याच शहरात गुलामाचा मुलगा वही-लेखणी घेऊन बाकावर बसत होता. त्यानंतर पाऊणशे वर्षांनीही काळारामाचे दार माणसाला बंदच होते. हा फरक आंबेडकरी माणसाने विसरू नये.

हे ऋण नाशिकपुरते नाही. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि सावित्रीबाईंनी तेथे शिक्षिकेचे शिक्षण घेतले. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली छापला 'ज्ञानोदय'ने, म्हणजे मिशनच्या नियतकालिकाने. पेशवाईत आपल्या पूर्वजांचे काय हाल झाले हे आमच्या समाजातील एका मुलीने प्रथम लिहिले, तेव्हा ते छापायला जागा तिथे मिळाली.

नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचेही स्मरण ठेवावे. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईने आपल्या मनातला विटाळ कसा गळून पडला, हे 'स्मृतिचित्रे'मध्ये कोणताही आव न आणता सांगितले आहे. जातीच्या उतरंडीवर वर बसलेल्याने खाली उतरणे किती अवघड असते, हे त्यावरून कळते.

बाबासाहेबांचा सवाल

येवल्याच्या घोषणेनंतर सर्वच धर्मांचे लोक बाबासाहेबांकडे आले. मेथडिस्ट चर्चचे मुंबईचे बिशप बॅडली यांनीही स्वागताचा हात पुढे केला. बाबासाहेब त्या वाटेने गेले नाहीत. का गेले नाहीत, हे समजून घ्यायचे असेल तर महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडातील अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे आणि धर्मांतरिताच्या स्थितीवरचे लेख वाचावेत.

त्यांत मिशनऱ्यांच्या सेवेची कदर आहे, पण हिशेब चोख आहे. पहिला मुद्दा असा की मिशनने शाळा-कॉलेजे आणि दवाखान्यांवर पैसा ओतला. त्याचा मोठा लाभ उच्चवर्णीयांनी घेतला, नोकऱ्या मिळवल्या आणि ते आपल्या धर्मात राहिले. चर्चमध्ये आला तो गरीब अस्पृश्य. त्याच्या वाट्याला त्या मानाने थोडे आले. दुसरा मुद्दा असा की ख्रिस्ती झाल्यावरही जात सुटली नाही. तिसरा मुद्दा सर्वांत खोल आहे. तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली असे नवख्रिस्ती माणसाला शिकवले गेले. भोवतालच्या अन्यायी समाजरचनेमुळे झाली असे शिकवले गेले नाही. ज्याला आपल्या दुःखाचे कारण स्वतःच्याच पापात दिसते, तो अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही. म्हणून ख्रिस्ती समाज शिकलेला असूनही सामाजिक लढ्यात मुका राहिला, हे बाबासाहेबांचे निदान होते.

आजच्या चर्चने या आरशात पाहावे. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत सर्व धर्मांची गर्दी लोटते. नवस बोलले जातात, मेणबत्त्या लागतात. श्रद्धेची टिंगल आम्ही करत नाही. पण नवसाने भाकरी मिळत नाही आणि जातही जात नाही. चर्चने वस्तीत जायचे ते कशासाठी? आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला, की त्याच्या सरकारी दवाखान्याच्या हक्कासाठी सोबत उभे राहायला?

या सवालाला चर्चमधूनच काही उत्तरे आली, हेही सांगितले पाहिजे. अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने १९८१ साली बंगळूरला शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी केली आणि त्यातून दलित ईश्वरविद्येचा प्रवाह सुरू झाला. आपल्या चर्चमध्ये जातिभेद आहे, अशी कबुली कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित सक्षमीकरणाच्या धोरणात दिली. आणि फादर स्टॅन स्वामी! झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीसाठी व तुरुंगात डांबलेल्या तरुणांसाठी झटणारा हा वृद्ध धर्मगुरू ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झाला आणि ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच असताना मुंबईच्या रुग्णालयात वारला. त्याच प्रकरणात आमच्या चळवळीतली माणसेही तुरुंगात होती. तुरुंगाने त्यांना बौद्ध की ख्रिस्ती असे विचारले नाही.

परिच्छेद तीनची बेडी

आता कायद्याकडे येऊ. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० साली निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्याला अनुसूचित जातीतून वगळले. १९५६ साली शिखांसाठी तो दुरुस्त झाला, १९९० साली बौद्धांसाठी. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत.

याचा अर्थ काय होतो ते वकिली करताना आम्ही रोज पाहतो. दोन सख्खे चुलतभाऊ, एकच आडनाव, एकच वस्ती. एक बौद्ध, एक ख्रिस्ती. एकाला दाखला मिळतो, दुसऱ्याला मिळत नाही. गावाने शिवी देताना मात्र दोघांना एकच दिली. परिणामी पुष्कळ कुटुंबे कागदावर हिंदू आणि घरात ख्रिस्ती अशी दुहेरी जगतात आणि पडताळणीच्या भीतीने गप्प राहतात. बाबासाहेबांना खुपलेला मुकेपणा अशा रीतीने कायद्यानेच पोसला आहे.

सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निकाली काढला. मद्रासच्या रस्त्यावर तो जोडे शिवत होता. सरकारने हिंदू चर्मकारांना टपऱ्या दिल्या, त्याला दिली नाही. न्यायालयाने सांगितले की ख्रिस्ती झाल्यावरही तोच जाच त्याच तीव्रतेने टिकून आहे, हे दाखवावे लागेल. म्हणजे शेजारी बसून तोच जोडा शिवणाऱ्याने आपण शेजाऱ्याइतकेच दुःखी आहोत याचा पुरावा आणायचा! रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. पुढे २०२२ साली न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला.

येथे आमच्यातले काहीजण कुजबुजतात, 'वाटेकरी वाढतील.' हा हिशेब चुकीचा आहे. अनुसूचित जातींचे आरक्षण लोकसंख्येच्या प्रमाणाशी जोडलेले आहे. माणसे वाढली तर वाटाही वाढला पाहिजे, ही मागणी आपण एकत्र केली पाहिजे. भाकरीच्या तुकड्यासाठी भावाला ढकलण्यापेक्षा भाकर मोठी मागावी. आणि आम्ही हे विसरलो काय, की १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींसाठी आम्हीही याच दाराबाहेर उभे होतो? नाशिकचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९६४ च्या देशव्यापी सत्याग्रहात बौद्धांच्या सवलतींची मागणी होती. धर्म बदलला म्हणून दारिद्र्य बदलत नाही, हा आमचा तेव्हाचा युक्तिवाद ख्रिस्ती भावालाही तितकाच लागू पडतो.

दुसरा धोका धर्मांतरबंदीच्या कायद्यांचा आहे. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. स्टॅनिस्लॉस खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. तो निकाल पुढे करून राज्याराज्यांत कायदे कडक होत गेले. निशाणा चर्चवर असल्याचे सांगितले जाते. पण गुजरात सरकारचे ८ एप्रिल २०२४ चे परिपत्रक पाहा. बौद्ध धर्म वेगळा मानावा आणि हिंदू माणसाला बौद्ध होण्यासाठी त्या राज्याच्या २००३ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल, असे त्यात बजावले आहे. धम्मदीक्षेला जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला असा नियम असता तर लाखो अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचे होते? पास्टरसाठी विणलेल्या जाळ्यात भंतेजी असे अडकतात.

आमचा विहार काय करतो?

चर्चला विचारलेला प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला पाहिजे. आजाऱ्याच्या घरी जाणे, शाळेची फी थकलेल्या मुलाची नोंद ठेवणे, विधवेच्या दारात महिन्यातून एकदा कोणीतरी जाईल हे पाहणे, ही कामे लहानसे चर्चही नेमाने करते. आमचे किती विहार जयंती, पौर्णिमा आणि लग्नकार्य सोडून उघडे असतात? वस्तीतले एखादे घर चर्चकडे वळले की आम्ही चिडतो. ते घर अडचणीत असताना आमच्यापैकी कोण गेले होते, हे आधी विचारावे.

ही उसनी गोष्ट नव्हे. बुद्धाने आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना लोकांच्या हितासाठी वेगवेगळ्या दिशांना पाठवले, हेच जगातले आद्य मिशन. आमच्या त्रिरश्मी लेण्यांत उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्खूंच्या चीवरासाठी व इतर खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवले होते. संघाची व्यवस्था कायम चालावी म्हणून ठेव ठेवायची ही रीत नाशिकला सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी माहीत होती. बाबासाहेबांनीही १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात भिक्खूंमध्ये विद्या नाही आणि सेवाही नाही, असे परखडपणे लिहिले. भिक्खू समाजसेवक झाला पाहिजे, ही त्यांची अपेक्षा होती.

म्हणून आमचे सांगणे सरळ आहे. प्रार्थनेवर घोळका चालून आला तर आंबेडकरी वकिलाने त्या पास्टरचे वकीलपत्र घ्यावे. परिच्छेद तीन रद्द करून वाटा वाढवण्याची मागणी बौद्ध संघटनांनी ठरावाने करावी. चर्चने आपल्या व्यासपीठावरून पापाइतकेच जातीविषयी बोलावे आणि जातीय अत्याचाराविरुद्धच्या मोर्चात उतरावे. आणि प्रत्येक विहाराने वस्तीची नोंदवही आजपासून सुरू करावी.

कोणत्या धर्मात जायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ते ठरवण्याचा हक्क येवल्यात कमावलेला आहे. तो राखण्यासाठी विहार आणि चर्च एका रांगेत उभे राहिले पाहिजेत.

जय भीम!