चरी : शेतं ओस ठेवून लढलेलं गाव

अलिबाग-पोयनाडचा खारेपाट ही भरतीच्या पाण्याखालून सोडवलेली जमीन आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, बाहेरकाठा. त्यात बसवलेली उघाडी एकाच बाजूला उघडते : ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून खाडीत उतरतं, भरती चढली की खाडीचंच पाणी तिला दाबून बंद करतं. बांधाला एके ठिकाणी खांड पडली, तरी साऱ्यांची भातं खाऱ्या पाण्यात जातात. म्हणून इथे ‘जोळ’ असे. शेतकरी एकत्र येऊन बांध राखत.

घाम कुळांचा, जमीन मात्र खोताची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची. पिकाचा निम्मा वाटा, कधी त्याहूनही जास्त, खोताच्या घरी जाई, वर वेठबिगार. कबुलायतीवर, म्हणजे खोताशी केलेल्या करारावर, अंगठा उठवला की पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतावरही हक्क उरत नसे.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी याच खारेपाटातल्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली सभा भरली. पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवलं : खोताची जमीन कसायची नाही. हा संप १९३९ पर्यंत टिकला. माणसांनी रानातून लाकूडफाटा आणून विकला, खाडीत मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू केलं. १९३९ च्या कायद्याने कुळांना संरक्षण दिलं, १९४८ च्या कुळकायद्याने ते वाढवलं आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारं कूळ मालक ठरलं.

इतकी वर्षं उपाशीपोटी एकी कशी टिकली? मला त्याचं मूळ बाहेरकाठ्यावर दिसतं. शेजाऱ्याचा बांध फुटला तर आपलंही शेत जातं, हे खारेपाटात पोराटोरांनाही ठाऊक होतं. संप फोडणं म्हणजे बांधाला खांड पाडणंच.

आज मात्र जोळ मोडली आहे. बांधाची दुरुस्ती सरकारी खात्याकडे गेली आणि खांडी वेळेवर बुजत नाहीत. खारं पाणी शिरलेल्या शेतांत कांदळवन माजतं. सातबाऱ्यावर नाव चढवायला चरीने सहा वर्षं सोसलं. ते नाव ज्या मातीवर आहे ती राखायची, तर सरकारने बांधासाठी वेळेवर पैसा द्यायला हवा आणि गावांनी जोळ पुन्हा उभी करायला हवी.