पहिलं दार कुणी ठोठवायचं?

कवीने दारूवर बोलायचं म्हटलं की ऐकणारे सावरून बसतात. आता साकी येणार, पैमाना येणार, असं त्यांना वाटतं. माझ्याही सुरुवातीच्या गझलांमध्ये हे सगळं सामान होतं. ज्याने आयुष्यात थेंब चाखला नाही त्यानेही मैखान्यावर शेर लिहावेत, ही आमच्याकडची जुनी रीत. पण ज्या मजाज़ लखनवींच्या ओळी आम्ही तरुणपणी पाठ केल्या, ते डिसेंबर १९५५ मध्ये लखनौच्या एका गुत्त्याच्या गच्चीवर, कडाक्याच्या थंडीत बेशुद्ध सापडले आणि त्यातून उठलेच नाहीत. वय ४४. गझलेतली दारू आणि घरातली दारू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी आज घरातल्या दारूबद्दल बोलणार आहे. तिच्यातून बाहेर पडायला मदत कुठे मिळते आणि ती कुणी मागायची, एवढाच विषय.

हे बोलायला माझ्या धाकट्या भावाने परवानगी दिली आहे. ‘नाव घेऊ नका भाईजान, बाकी सगळं सांगा,’ असं तो म्हणाला.

भावाचं मोटार वायंडिंगचं दुकान. तांब्याची केसासारखी तार तो बोटांवर खेळवायचा. पुढेपुढे सकाळी हात इतके थरथरू लागले की तार धरवेना. एक क्वार्टर पोटात गेली की हात स्थिर. आमच्या समाजात दारू हराम. त्यामुळे पिणारा लपवतो आणि घर त्याच्यापेक्षा जास्त लपवतं. गिऱ्हाईक आलं की ‘तबियत ठीक नाही’, सासुरवाडीला ‘कामाची गर्दी आहे’. बारा वर्षं आम्ही हेच केलं.

पंधरा वर्षांपूर्वीच्या रमजानात, चाँदरातीला, त्याने अम्मीच्या हातावर हात ठेवून कसम खाल्ली आणि सगळी दारू एका फटक्यात बंद केली. घरात आनंदीआनंद. दुसऱ्या रोज्याला, दुपारनंतर, तो अंगणात कोसळला. डोळे फिरले, हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. कुणी कांदा हुंगवला, कुणी दम केलेलं पाणी आणायला धावलं. आम्ही रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘दारू पितात का? किती?’ अम्मी म्हणाली, ‘हमारे में कोई नै पीता, डॉक्टरसाब.’ मी, तिचा शिकलेला मुलगा, शेजारी उभा होतो. गप्प राहिलो. माझी भावजय पुढे झाली आणि म्हणाली, ‘रोज पितात. सकाळपासून. बारा वर्षं झाली.’ या एका उत्तराने उपचारांची दिशा ठरली.

डॉक्टरांनी नंतर जे समजावलं ते प्रत्येक घराला माहीत असायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याच्या मेंदूला दारूच्या गुंगीत काम करायची सवय झालेली असते. ती अचानक काढून घेतली की मेंदू खवळल्यासारखा होतो. काही तासांतच हात कापतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना भास होतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. यात जीव जाऊ शकतो. म्हणून रोजच्या पिणाऱ्याने घरच्या घरी झटक्यात दारू सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शांत करणाऱ्या औषधांचा डोस रोज कमी करत आणि बी-वन जीवनसत्त्व देत, साधारण आठवडाभरात हा टप्पा सुखरूप पार होतो. भावाची नियत चांगलीच होती. आजाऱ्याला रोज्यातून सवलतही आहे. पण त्यासाठी आधी आजार आहे हे मान्य करावं लागतं.

दुसरा एक गैरसमज. ‘तो श्रावण पाळतो’, ‘रमजानात शिवत नाही’, म्हणजे व्यसन नाही, असं आपण धरून चालतो. महिनाभर थांबता येणं आणि सुटणं यांत फरक आहे. मग ओळखायचं कसं? डॉक्टर मंडळी चार साधे प्रश्न विचारतात. पिणं कमी करायला हवं असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं तर चीड येते का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्यावर हात-डोकं ठिकाणावर यायला प्यावी लागते का? दोन प्रश्नांना ‘हो’ असेल, तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली आहे.

तर भाऊ आठवड्याने घरी आला आणि आम्ही म्हटलं, सुटली. ईदच्या तिसऱ्या दिवशी तो पिऊन आला. शरीरातून दारू निघून जाणं ही पहिली पायरी. मन तिच्याकडे पुन्हा पुन्हा का धावतं, त्याचे उपचार वेगळे असतात, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं.

मग मी दोन चुका केल्या, त्या सांगतो. वर्तमानपत्रात ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती येत. मी मनीऑर्डर करून पुडी मागवली. पुडीवर आत काय आहे याचा पत्ता नाही. भावजयीने ती मला परत दिली. ‘इसमें क्या है वो मेरे कू मालूम नै, तो मैं कैसा पिलाऊँ?’ बी.ए. झालेल्या कवीपेक्षा सातवी शिकलेल्या बाईला अक्कल जास्त होती. दारूचा तिटकारा आणणारं डायसल्फिरॅम नावाचं खरं औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ते तपासण्या करून, रोग्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. नकळत देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

दुसरी चूक होता होता राहिली. एक जण म्हणाला, ‘रात्री गाडी पाठवतो, चौघे येतील, उचलून नेतील. तीन महिने भेटायचं नाही.’ मी जागा बघायला गेलो. जाळीला बाहेरून कुलूप, डॉक्टर कधी येतात याचं उत्तर नाही, आतल्या कुणाशी बोलू देईनात. मी परत आलो. केंद्र निवडताना एवढं जरूर पाहा: नोंदणी आहे का, डॉक्टर आणि समुपदेशक कोण, रोजचा कार्यक्रम काय, घरच्यांना भेटू देतात का, खर्च लेखी सांगतात का, बाहेर पडल्यावर पुढे काय. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक आजारांनाही लागू आहे, आणि रोग्याला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला त्यात मनाई आहे.

आता चांगली दारं सांगतो. सगळ्यात जवळचं दार सरकारी आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे केसपेपर काढायचा आणि सरळ सांगायचं, ‘दारूसाठी आलोय.’

महाराष्ट्रात या कामाला चेहरा दिला तो पुण्याच्या मुक्तांगणने. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये ते सुरू केलं. गर्दच्या विळख्यातली पोरं पाहून अनिल अवचटांनी लिहिलेले लेख हे त्याचं निमित्त. डॉ. अनिता १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. काम चालू आहे. तिथे राहून घ्यायचा कार्यक्रम पस्तीस दिवसांचा असतो. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं तिथे समुपदेशक म्हणून काम करतात. बायकांसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. तिकडे चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये असंच काम उभं केलं. त्यांचे पती दारूने गेले होते.

तिसरं दार अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचं, म्हणजे ‘एए’चं. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूडे, एकमेकांशी बोलत बोलत सावरले, त्यातून ही संघटना निघाली. भारतात ती १९५७ मध्ये मुंबईत आली. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. आमच्याकडची मीटिंग चर्चच्या आवारातल्या खोलीत भरायची. अम्मी बिचकली. पण तिथे कुणी कुणाचा धर्म विचारत नव्हतं.

घरात चरस-गर्दसारखा पदार्थ असेल तर लोक पोलिसांना भितात. थोड्या प्रमाणात सेवन करणारा माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण द्यायची तरतूद १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यातच आहे. मात्र उपचार पूर्ण करायला हवेत.

एवढी दारं असून लोक पोहोचतात किती? दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूमुळे मदतीची गरज असलेले सुमारे पावणेसहा कोटी लोक देशात आहेत, असं त्यात निघालं. पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांमागे एकालाच कसलेतरी उपचार मिळालेले होते. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चाललं असेल? बहुतेक तेच, जे आमच्या घरी चाललं होतं. ‘त्याची तयारी होऊ दे, मग बघू.’

मला मुख्य सांगायचं आहे ते इथेच. पिणाऱ्याची तयारी होईपर्यंत घराने थांबायची गरज नाही. भाऊ ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत होता, तेव्हा भावजय एकटी सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंकडे गेली. तीन महिने, दर बुधवारी. बाईंनी तिला साध्या गोष्टी सांगितल्या. तो प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. सकाळी शुद्धीत असताना, न रडता, काल काय झालं ते सांगायचं. त्याच्या वतीने खोटं बोलायचं नाही. त्याची उधारी फेडायची नाही. मारहाण झाली तर सहन न करता पोरांना घेऊन बाहेर पडायचं, ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ लावायचा.

‘एकच प्याला’ रंगभूमीवर येऊन शंभर वर्षं उलटली. सिंधूच्या सोसण्यावर आपण पिढ्यान् पिढ्या रडलो. त्या काळी तिला जायला दुसरं दारच नव्हतं. आज आहे. दारूड्यांच्या घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ नावाचे वेगळे गट आहेत. सोसणारी बाई थोर मानायची आणि मदत मागणारीला घराची अब्रू काढली म्हणायचं, हे आता पुरे.

झालं काय, तर गिऱ्हाइकांना खोटी कारणं मिळेनाशी झाली, उधारीवाले थेट भावाला गाठू लागले. चौथ्या महिन्यात एका सकाळी तो भावजयीला म्हणाला, ‘त्या बाईंकडे मला पण ने.’ मग केंद्रात महिनाभर राहिला. वर्षभराने पुतण्याच्या लग्नात पुन्हा प्यायला. आम्ही खचलो. बाई म्हणाल्या, ‘साखर वाढली म्हणून मधुमेहाचे उपचार सोडता का? या परत.’ तो परत गेला, मीटिंग धरून राहिला. या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मी कौतुकाने आकडा सांगायला लागलो की तो थांबवतो. ‘आज प्यायलो नाही, एवढंच सांगा.’ दुकान चालू आहे. बारीक तारेचं काम मात्र आता मुलगा करतो, कारण चाळिशी लागली.

माझी वेळ संपत आली. दोन नंबर सांगतो, कागद-पेन्सिल घ्या. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फोन पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. बायको करू शकते, आई करू शकते, मुलगी करू शकते. आणि शेजारी गप्प उभा राहणारा माझ्यासारखा एखादा मोठा भाऊ असेल, तर त्यानेही करावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)