डभईचे कागद आणि यंत्राचे वाचन

मानव्यविद्यांच्या अभ्यासात संगणकाची मदत घेताना मराठीने गेल्या दहाबारा वर्षांत काय साधले आणि काय अजून हाती लागलेले नाही, हे एखादा प्रसंग समोर ठेवून तपासले की नेमके कळते. १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभोईजवळ पहिल्या बाजीरावाने सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांचा पराभव केला आणि त्या लढाईत त्रिंबकराव मारले गेले, हा प्रसंग त्यासाठी सोयीचा आहे. कारण त्या काळचे कागद पुणे आणि बडोदे अशा दोन दप्तरांत विभागलेले असून मुख्यतः मोडीत आहेत.

मोडीत आधी ओळीची शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत आणि वळण तर लेखणीगणिक बदलते. २०१४ मध्ये ही लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत, आली. पण त्यामुळे मोडी टंकता आली, वाचता आली नाही. वाचनाच्या दिशेने ठोस पाऊल २०२५ मध्ये पडले. त्या वर्षी आयआयटी रुडकीच्या नेतृत्वाखालील गटाने शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन वळणांच्या २,००० हून अधिक प्रतिमा जाणकारांच्या देवनागरी लिप्यंतरासह संकलित केल्या आणि त्यांवर लिप्यंतराचे प्रारूप शिकवले. दप्तरांतील हजारो रुमालांपुढे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपुढे, हा संच लहानच आहे. तरीही तो अभ्यासकांना खुला आहे, ही गोष्ट यंत्राच्या अचूकतेइतकीच मोलाची मानावी लागेल.

अक्षर लागले तरी काळ लागतोच असे नाही. एप्रिल १७३१ हा महिना शुहूर सनाच्या ११३१ व्या वर्षात पडतो आणि कागदात ते वर्ष ‘इहिदे सलासीन मया व अलफ’, म्हणजे एक, तीस, शंभर आणि हजार, अशा अरबी संख्यावाचकांनी लिहिले जाते. हा सन मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या सुमारास पालटत असल्याने इसवी सन काढताना वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवावे लागतात. सरसकट ५९९ मिळवणारी आज्ञावली डभोईची लढाई बिनदिक्कत १७३० मध्ये नेऊन ठेवील. त्यात ज्युलियन आणि ग्रेगोरियन गणनांतील त्या शतकातला ११ दिवसांचा फरक आहेच. गावाचे नाव कुठे ‘डभई’, कुठे ‘डभोई’ येते आणि हीच लढाई भिलापूरच्या नावानेही ओळखली जाते. ही नावे एकमेकांशी जोडणारी स्थलकोशासारखी सूची नसेल, तर शोधाची चौकट निम्मेच उत्तर देते.

यंत्राला सर्वांत सोपे जाते ते छापील देवनागरी. बडोद्याच्या राजसेवेत आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, तर बडोदे संस्थानाने १९३४ पासून आपल्या दप्तरातील ऐतिहासिक वेचे छापण्यास आरंभ केला. असे खंड शब्दशोधासाठी उपलब्ध झाले की निवडीलाच दप्तर समजण्याची चूक सहज घडते, आणि शोधात एखादी गोष्ट आली नाही एवढ्यावरून ती घडलीच नाही असा निष्कर्ष काढला जातो. सरदेसायांची निवड राजकारणाकडे झुकलेली होती. डभोई परगण्यातील वसुलाचा हिशेब किंवा लढाईनंतर रयतेचे काय झाले, हे विचारायचे असेल तर न छापलेल्या रुमालांकडेच वळावे लागते, आणि यंत्रवाचनाची खरी गरजही तिथेच आहे.