बालआरोग्याचे अनुदान : गावापासून परळपर्यंत

मुंबईतील परळ-लालबाग हा परिसर एके काळी कापड गिरण्यांच्या भोंग्यांसाठी ओळखला जात असे. याच गिरणगावात 1926 साली के. ई. एम. रुग्णालय व नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह, 1929 साली बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय आणि 1941 साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. गिरण्या बंद पडल्या. रुग्णालये मात्र वाढत गेली. आज पालघरच्या डोंगरपट्टीतील कुटुंबे रेल्वेने दादरला, तर कोकणातील एस. टी. ने परळला उतरून आजारी मुलांना घेऊन या रुग्णालयांच्या दारी येतात.

येथे उपचार करण्यासाठी तज्ज्ञ आहेत, यंत्रसामग्री आहे आणि शासनाच्या योजनांचा आधारही आहे. परंतु मूल येथे वेळेत पोहोचेल की नाही, हे परळला ठरत नाही. ते त्याच्या गावात ठरते. ग्रामीण बालआरोग्यावरील निधीचा विचार करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

वेळेचे महत्त्व

जन्मतः आत वळलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर बांधण्यास आरंभ केल्यास बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते. जन्मजात मोतीबिंदूवर पहिल्या दोन महिन्यांच्या आसपास उपचार झाले नाहीत, तर पुढे शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी पुरेशी येत नाही. हृदयाच्या कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असल्यास फुप्फुसांतील रक्तदाब हळूहळू वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर शस्त्रक्रियाच अशक्य ठरते. अशा मुलासाठी नंतर कितीही रक्कम मंजूर झाली, तरी तिचा उपयोग होत नाही.

शोध घेणारी यंत्रणा

हा शोध लवकर लागावा, यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आखण्यात आला. फेब्रुवारी 2013 मध्ये त्याचा राष्ट्रीय शुभारंभ महाराष्ट्रातच, तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वे व पोषक द्रव्यांची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब अशा चार गटांतील दोषांसाठी 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे.

नवजात बालकाची तपासणी प्रसूतीच्या ठिकाणी होते व पहिल्या सहा आठवड्यांत आशा स्वयंसेविका घरी जाऊन पाहणी करते. त्यानंतर फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येते. पथकात आयुष शाखेचे दोन वैद्यकीय अधिकारी (एक पुरुष व एक स्त्री), एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असावा, अशी रचना आहे. दोष आढळलेल्या मुलास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे आणि आवश्यक तेव्हा मोठ्या रुग्णालयाकडे पाठविले जाते.

निधी कोठून येतो?

2005 साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानाने, म्हणजेच आजच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाने, या कामाचा बराचसा भार उचलला आहे. 2015-16 पासून महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्याचा खर्च केंद्र व राज्य यांच्यात 60 : 40 या प्रमाणात विभागला जातो. 15 व्या वित्त आयोगाने 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करण्यास देशभरासाठी 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली होती. खर्चिक शस्त्रक्रियांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या या योजनेला 2017 साली सध्याचे नाव मिळाले.

याखेरीज काही रक्कम गावाच्याच हाती असते. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समितीसाठी राष्ट्रीय सूचनांनुसार वार्षिक 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. अत्यंत गरीब कुटुंबाला उपचारापर्यंत पोहोचण्यासाठी अपवादात्मक परिस्थितीत त्यातून साहाय्य करता येते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 च्या निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट मिळतो. आरोग्य, स्वच्छता व शिक्षण हा त्याच्या विनियोगाचा एक मान्य विषय आहे.

साखळी कोठे तुटते?

अनुदान मंजूर होणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर वितरण, खर्च, हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र असा क्रम असतो. प्रमाणपत्र रखडले की पुढचा हप्ता रखडतो. हा केवळ कागदोपत्री विलंब नव्हे, याचा प्रत्यय खुद्द परळमध्ये आला. जानेवारी 2020 मध्ये वाडिया रुग्णालयांच्या थकीत अनुदानाचा प्रश्न इतका तीव्र झाला, की रुग्णसेवा बंद पडण्याची भीती निर्माण झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि राज्य शासन व महानगरपालिका यांनी निधी देण्याचे ठरविल्यावर मार्ग निघाला. महानगरातील नामांकित संस्थेची ही अवस्था होत असेल, तर दुर्गम भागातील उपकेंद्राचा हप्ता थांबल्यास काय होत असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी कडी तपासणीच्या दिवशी तुटते. पथक येते, हजर मुलांची तपासणी होते आणि अहवाल भरला जातो. पण आजारी मूल त्या दिवशी घरीच असते. जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि मुलेही त्यांच्याबरोबर जातात. ज्याची तपासणी सर्वाधिक आवश्यक, तेच मूल यादीबाहेर राहते.

तिसरी कडी चिठ्ठी मिळाल्यानंतरची आहे. शस्त्रक्रिया विनामूल्य असली तरी प्रवास, मुक्काम व बुडणारी मजुरी विनामूल्य नसते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन यांसारख्या संस्थांचा आधार मोठा आहे. परंतु त्यांची माहितीच नसलेले पालक चिठ्ठी घरात ठेवून देतात.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी तपासणीनंतर गैरहजर मुलांची स्वतंत्र यादी करून ती पथकाकडे द्यावी. अधिकाऱ्यांनी स्थलांतर होणाऱ्या गावांतील तपासणी दिवाळीपूर्वी आटोपेल असे वेळापत्रक आखावे आणि किती मुले तपासली याबरोबरच पाठविलेल्यांपैकी कितींवर उपचार पूर्ण झाले, हेही विचारावे. पंचायत सदस्यांनी समितीच्या बैठकीत पाठविलेल्या प्रत्येक मुलाची नोंद समोर ठेवावी, शिधापत्रिका व जन्मदाखला यांतील उणिवा गावातच दूर कराव्यात आणि प्रवासाची अडचण असल्यास नियमांच्या चौकटीत साहाय्य मंजूर करावे.

यांपैकी कोणत्याही कामासाठी नव्या योजनेची वाट पाहावी लागत नाही. त्यासाठी एक नोंदवही, एक बैठक आणि एका जबाबदार व्यक्तीचा पाठपुरावा पुरेसा आहे. एवढे झाले तर परळच्या रुग्णालयात पोहोचणारे मूल उपचाराचा उपयोग होईल अशा वयात पोहोचेल.