मागील ॲक्सलचे गिअर गुणोत्तर (पिकअप ट्रक)

मागील ॲक्सलचे गिअर गुणोत्तर म्हणजे वाहनाचे मागील चाक एकदा पूर्ण फिरण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला किती फेरे घ्यावे लागतात हे सांगणारी संख्या होय. हे गुणोत्तर ३.७३ असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट ३.७३ फेरे घेतो. अमेरिकेत पिकअप ट्रक विकत घेताना एकाच इंजिनाबरोबर दोन-तीन गुणोत्तरांचा पर्याय ग्राहकापुढे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. ट्रक किती वजन ओढू शकेल, चढावर त्याची गती कितपत टिकेल, इंधन किती लागेल आणि गिअरबॉक्स किती तापेल, या सर्व बाबींवर या एका संख्येचा परिणाम होतो. भारतात पिकअपच्या खरेदीदारापुढे असा पर्याय सहसा नसतो. उत्पादकच प्रतिकृतीनुसार गुणोत्तर ठरवून देतो.

रचना

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टमार्फत मागील ॲक्सलपर्यंत येते. शाफ्टच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते. ते क्राऊन व्हील या मोठ्या दंतचक्राला फिरवते. भारतीय गॅरेजांमध्ये या जोडीला 'क्राऊन-पिनियन' असेच म्हणतात. ही जोडी दोन कामे करते: फिरण्याची दिशा काटकोनात वळवते आणि वेग कमी करून त्याच प्रमाणात टॉर्क (पीळ) वाढवते. बहुतेक पिकअपमध्ये हे दात हायपॉइड पद्धतीचे असतात. या पद्धतीत पिनियनचा अक्ष क्राऊन व्हीलच्या मध्यापासून थोडा बाजूला सरकवलेला असतो. १९२६ च्या सुमारास अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ही पद्धत मोटारगाड्यांत आणली. त्यामुळे शाफ्ट खाली घेता आला आणि दातांचा आवाजही कमी झाला.

आकडे असे अपूर्णांकी का असतात?

क्राऊन व्हीलच्या दातांच्या संख्येला पिनियनच्या दातांच्या संख्येने भागले की गुणोत्तर मिळते. ३.७३ किंवा ४.५६ असे आकडे नवख्या वाचकाला चमत्कारिक वाटतात, परंतु त्यामागे साधे अंकगणित आहे. क्राऊन व्हीलचे ४१ दात कायम ठेवून पिनियनचे दात एकेकाने कमी केले, तर ४१÷१२ = ३.४२, ४१÷११ = ३.७३, ४१÷१० = ४.१० आणि ४१÷९ = ४.५६ ही अमेरिकी पिकअपमधील सर्वपरिचित मालिका तयार होते.

४१ ही मूळ संख्या आहे. दोन्ही चक्रांच्या दातसंख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तर पिनियनचा प्रत्येक दात क्रमाक्रमाने क्राऊन व्हीलच्या प्रत्येक दाताला भिडतो. ४१ आणि ११ यांचा लसावि ४५१ आहे. म्हणजे दातांची एकदा भिडलेली जोडी पिनियनच्या ४१ फेऱ्यांनंतरच पुन्हा समोरासमोर येते. याउलट ४० आणि १० दात असतील, तर पिनियनचा एक दात कायम त्याच चार दातांवर घासत राहील आणि एखाद्या दातातील दोष त्याच जागी खोल होत जाईल. झीज सर्व दातांवर सारखी वाटली जावी, यासाठी पूर्णांकी गुणोत्तरे सहसा टाळली जातात.

संज्ञांतील गोंधळ

संख्येने मोठ्या गुणोत्तराला (उदाहरणार्थ ४.१०) वाहनव्यवसायात 'लो' गिअर म्हणतात आणि संख्येने लहान गुणोत्तराला (उदाहरणार्थ ३.०८) 'हाय' गिअर म्हणतात. इथे 'लो' आणि 'हाय' हे शब्द संख्येला उद्देशून नसून ठरावीक इंजिन-फेऱ्यांत मिळणाऱ्या वाहनाच्या वेगाला उद्देशून आहेत. या उलटसुलट वापरामुळे सुटे भाग मागवताना चुका होतात. म्हणून आकडाच सांगणे इष्ट असते. या लेखात 'मोठे' आणि 'लहान' हे शब्द संख्येच्या अर्थाने वापरले आहेत.

गुणोत्तर आणि इंजिनाचे फेरे

इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे पुढील सूत्राने काढता येतात:

इंजिनाचे फेरे = (दर मिनिटाला कापलेले अंतर ÷ टायरचा परीघ) × गिअरबॉक्सचे गुणोत्तर × ॲक्सलचे गुणोत्तर

टायरचा व्यास ०.८० मीटर धरल्यास परीघ सुमारे २.५१ मीटर होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने असे चाक मिनिटाला सुमारे ६६३ फेरे घेते. जनरल मोटर्सच्या चार गतींच्या ४एल६०-ई या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये ओव्हरड्राइव्हचे गुणोत्तर ०.७० होते. त्यानुसार पुढील आकडे येतात:

| ॲक्सलचे गुणोत्तर | ताशी १०० कि.मी. वेगाला इंजिनाचे फेरे (दर मिनिटाला) |
|---|---|
| ३.०८ | १४३० |
| ३.४२ | १५८७ |
| ३.७३ | १७३१ |
| ४.१० | १९०३ |

३.४२ ऐवजी ३.७३ घेतल्यास चाकावरील टॉर्क सुमारे ९ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही ९ टक्क्यांनीच वाढतात. दंतचक्रे नवी शक्ती निर्माण करीत नाहीत. ती वेगाच्या मोबदल्यात पीळ देतात. गुणोत्तराच्या निवडीचा सारा विचार या देवघेवीभोवती फिरतो.

चढावरील उदाहरण

समजा, ट्रक आणि ट्रेलर यांचे एकत्रित वस्तुमान ४५०० किलोग्रॅम आहे आणि रस्ता ४ टक्के चढाचा आहे. चढामुळे होणारा विरोध सुमारे १७६६ न्यूटन, टायरांच्या लोळणाचा विरोध सुमारे ५३० न्यूटन आणि ताशी ८० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध ९०० न्यूटन धरला, तर एकूण विरोध सुमारे ३२०० न्यूटन होतो. इंजिन ४०० न्यूटन-मीटर टॉर्क देते, चाकाची त्रिज्या ०.४० मीटर आहे आणि वाटेत ८ टक्के शक्ती वाया जाते, असेही गृहीत धरू.

तिसऱ्या, म्हणजे १.०० गुणोत्तराच्या गिअरमध्ये ३.४२ ॲक्सलचा ट्रक सुमारे ३१४६ न्यूटन एवढेच ओढबळ देईल. ते विरोधापेक्षा किंचित कमी असल्याने गती घटत जाईल आणि गिअरबॉक्सला दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे लागेल. ३.७३ ॲक्सलचा ट्रक सुमारे ३४३२ न्यूटन देईल आणि तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये पार करील. याचा अर्थ पहिला ट्रक चढ चढणारच नाही असा नव्हे. दुसऱ्या गिअरमध्ये तोही चढेल, मात्र इंजिन मिनिटाला सुमारे २९५० फेऱ्यांनी फिरेल आणि चढ-उताराच्या रस्त्यावर गिअरबॉक्स वारंवार वरखाली होत राहील. या वरखालीत टॉर्क कन्व्हर्टरचे कुलूप सुटते, तेल घुसळले जाऊन तापते आणि उष्णतेने ते लवकर निकामी होते. ओझे ओढणाऱ्या ट्रकांतील स्वयंचलित गिअरबॉक्स बिघडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

निवडीचे निकष

* ओझे: ट्रक बहुधा रिकामा किंवा हलका धावणार असेल, तर लहान गुणोत्तर पुरेसे असते. इंजिन सावकाश फिरते, आवाज कमी होतो आणि इंधन वाचते. जड ट्रेलर नेहमी ओढायचा असेल, तर मोठे गुणोत्तर घ्यावे. उत्पादकांच्या तक्त्यांत एकाच इंजिनाची ओढक्षमता ॲक्सलच्या गुणोत्तरानुसार वेगवेगळी दिलेली असते.
* भूप्रदेश: सपाट महामार्ग आणि डोंगराळ रस्ते यांच्या गरजा भिन्न असतात. ओढक्षमता ठरवण्याच्या एसएई जे२८०७ या अमेरिकी मानकात ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅम चढाची कसोटी आहे. सुमारे १८ किलोमीटरचा हा चढ कडक उन्हाळ्यात, वातानुकूलन चालू ठेवून आणि किमान गती राखून पार करावा लागतो.
* इंजिन: डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच भरपूर टॉर्क देते, म्हणून त्याला तुलनेने लहान गुणोत्तर चालते. लहान पेट्रोल इंजिनाला मोठ्या गुणोत्तराची मदत लागते.
* वापराचे प्रमाण: वर्षातून दोनदा बोट ओढण्यासाठी वर्षभर जादा इंधन जाळणे परवडते का, याचा विचार करावा. अशा वेळी मधले गुणोत्तर सोयीचे ठरते.

गिअरबॉक्सशी संबंध

ॲक्सलचे गुणोत्तर एकटे पाहून निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. ४एल६०-ई मध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.०६ होते, ४.१० ॲक्सलसह एकूण गुणोत्तर १२.५५ होत असे. फोर्ड एफ-१५० मध्ये २०१७ पासून आलेल्या दहा गतींच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.६९६ आणि दहाव्याचे ०.६३६ आहे. त्यामुळे ३.१५ ॲक्सल असूनही पहिल्या गिअरमधील एकूण गुणोत्तर १४.७९ येते, म्हणजे जुन्या ४.१० पेक्षाही जास्त. 'ट्रेलर ओढायचा तर ४.१० च हवे' हा चार गतींच्या काळातील सल्ला नव्या ट्रकांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

टायरचा परिणाम

मोठे टायर बसवले की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते आणि परिणामी गुणोत्तर लहान झाल्यासारखे होते. ३१ इंची टायरच्या जागी ३५ इंची टायर बसवल्यास ३.७३ चे परिणामी गुणोत्तर ३.७३ × ३१ ÷ ३५ = ३.३० एवढेच उरते. मूळची ओढ परत मिळवण्यासाठी ३.७३ × ३५ ÷ ३१ = ४.२१ गुणोत्तर लागेल. तेवढे नेमके न मिळाल्यास त्याच्या जवळचे ४.१० किंवा ४.३० निवडतात, ओझे जास्त असेल, तर ४.५६ चाही विचार होतो.

गुणोत्तर ओळखणे

जनरल मोटर्सच्या अनेक जुन्या पिकअपमध्ये हातमोजे-कप्प्यातील पट्टीवर सांकेतिक अक्षरे असतात: जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३ आणि जीटी५ म्हणजे ४.१०. जुना ट्रक घेताना मात्र पूर्वीच्या मालकाने ॲक्सल बदललेला असू शकतो. अशा वेळी पुढील चाकांना उटी लावून, मागचा भाग भक्कम स्टँडवर उचलून आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून दोन्ही मागील चाके एकाच दिशेने एक पूर्ण फेरा फिरवावीत व शाफ्टचे फेरे मोजावेत. पावणेचारच्या जवळ फेरे आले, तर गुणोत्तर ३.७३ आहे असे समजावे.

बदल करताना घ्यायची काळजी

* क्राऊन व्हील आणि पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून जुळवलेले असतात. त्यांतील एकच चक्र बदलू नये.
* चारचाकी चालनाच्या ट्रकमध्ये पुढील आणि मागील ॲक्सलची गुणोत्तरे जुळलीच पाहिजेत. ती वेगळी असल्यास कोरड्या रस्त्यावर चालनव्यवस्थेत ताण साठतो आणि भाग तुटतात.
* काही ॲक्सलमध्ये ठरावीक मर्यादेपलीकडे डिफरन्शियलचा कॅरियरही बदलावा लागतो. डाना ४४ मध्ये ही मर्यादा ३.७३ आणि ३.९२ यांच्या दरम्यान आहे.
* दातांमधील मोकळीक, बेअरिंगवरील पूर्वताण आणि दातांवरील स्पर्शाचा ठसा तपासणे हे कुशल कारागिराचे काम आहे. हे चुकल्यास नवी जोडी गुणगुणू लागते आणि लवकर झिजते.
* काम झाल्यावर वेगमापकाची फेरजुळणी करावी लागते.
* गुणोत्तर फार मोठे घेतल्यास पिनियन लहान होतो, दात कमी होतात आणि जोडीची ताकद घटते.

मर्यादा

मोठे गुणोत्तर बसवल्याने ट्रकची अधिकृत भारमर्यादा वाढत नाही. ती ब्रेक, सांगाडा, स्प्रिंगा, टायर आणि शीतनव्यवस्था यांचा एकत्रित विचार करून उत्पादकाने ठरवलेली असते. गुणोत्तर बदलल्यावर ट्रक जास्त ओझे सहज ओढू लागला, तरी ते ओझे उतारावर थांबवणारे ब्रेक पूर्वीचेच असतात. म्हणून गुणोत्तराची निवड ठरलेल्या मर्यादेतील ओझे सुरळीत वाहण्यासाठी करावी, ती मर्यादा ओलांडण्यासाठी करू नये.

हेही पाहा

* डिफरन्शियल
* गिअरबॉक्स
* टॉर्क
* दंतचक्र