फळझाडांवरील खवले कीड



परसातला पेरू किंवा लिंबू काळा पडू लागला की ‘झाडाला दृष्ट लागली’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ही दृष्ट नव्हे. पानांवरची काजळी ही एक बुरशी असून ती खवले किडीच्या चिकट, गोड स्रावावर वाढते. खोडावरून चढणारी मुंग्यांची रांगही बहुधा त्याच गोडासाठी असते.

ओळख कशी पटवावी? पानाची खालची बाजू, शिरेलगतचा भाग व कोवळ्या फांद्या पाहाव्यात. मसुराएवढे किंवा त्याहून लहान, हिरवट वा तपकिरी ठिपके चिकटलेले दिसतात. ते हलत नाहीत, म्हणून कीड आहे असे वाटत नाही. नखाने खरवडून पाहावे. ओल लागली तर कीड जिवंत, कोरडी भुकटी पडली तर मेलेली. टणक कवचाच्या काही जाती गोड स्राव सोडत नाहीत. त्यांच्यामुळे काजळी येत नाही, पण पाने पिवळी पडतात व फांद्या वाळतात.

औषध का लागू पडत नाही? मोठी कीड सोंड खुपसून एकाच जागी बसते. पाठीवरील आवरणामुळे फवारा तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. नुकती जन्मलेली पिल्ले मात्र उघडी असतात व जागा शोधत रांगतात. फवारणीची खरी वेळ तीच. फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळावी. तिच्यावर बारीक पिवळसर कण दिसू लागले की पिल्ले निघाली असे समजावे.

उपाय:

१. जास्त किडलेल्या फांद्या छाटून जाळाव्यात. झाडात ऊन-वारा खेळू द्यावा.

२. खोडाभोवती प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावावे. सालीवर थेट लावू नये. जमिनीला वा कुंपणाला टेकलेल्या फांद्या काढाव्यात, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील. मुंग्या किडीच्या शत्रूंना हुसकावतात, म्हणून त्यांना रोखणे महत्त्वाचे.

३. एक लिटर पाण्यात १० मिलि. कडुनिंबाचे तेल व थोडा साबण चांगला घुसळून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारावे. आधी एका फांदीवर करून पाहावे. पंधरा दिवसांनी पुन्हा फवारावे. मेलेले खवलेही बरेच दिवस चिकटून राहतात, म्हणून नखाची परीक्षा घेतल्याशिवाय तिसऱ्यांदा फवारू नये.

जहाल विष घाईने मारू नका. त्याने ढालकिडे मरतात व कीड पुन्हा दुप्पट जोराने येते. कॉफीवरील खवले किडीसाठी १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेल्या अशाच एका ढालकिड्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी झाकलेली असते. पिठ्या ढेकूण समजून लोक तिलाच चिरडतात. ती भराभर चालते, एवढी खूण ध्यानात ठेवावी. तरीही कीड हटली नाही, तर किडलेली डहाळी घेऊन रयत संपर्क केंद्रात जावे.

शुभवर्तमानातील माळ्याने निष्फळ अंजिरासाठी आणखी एका वर्षाची मुदत मागितली, आणि त्या वर्षात खणण्याचे व खत घालण्याचे कामही अंगावर घेतले. काळ्या पडलेल्या झाडावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी आपणही त्याला तेवढी मुदत द्यावी.