मावळातील भात : पेरणीआधी घरीच तपासा उगवण, मगच आणा मोड

पवन मावळ असो, नाणे मावळ असो की आंदर मावळ, मे महिना उतरणीला लागला की घरोघर राखून ठेवलेले भाताचे बी बाहेर निघते. पोत्यातला दाणा पिवळाधमक आणि भरलेला दिसतो, म्हणून तो थेट राबात टाकला जातो. पण भरलेला दाणा जिवंत असेलच असे नाही. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, खर्चही नाही. एक ओले गोणपाट आणि आठ दिवस पुरतात.

या आठ दिवसांवर हंगाम अवलंबून असतो. मावळात सर्वाधिक आवडीने घेतला जाणारा इंद्रायणी हा वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो निघाला. त्याला तयार व्हायला साधारण १३५ ते १४० दिवस लागतात. जूनच्या सुरुवातीला राबात टाकलेले बी उगवलेच नाही, हे लक्षात यायला आठ-दहा दिवस जातात. नवे बी मिळवून पुन्हा पेरेपर्यंत जून सरतो. मग लावणी मागे पडते आणि ऑक्टोबरात पाऊस गेल्यावर उंचावरच्या खाचरांतली ओल नेमकी दाणा भरण्याच्या वेळी तुटते. खालच्या, पाणथळ खाचरात थोडे निभावते, चढावरच्या खाचरात नाही.

बी मरते कशाने?

मुख्य कारण दमट हवा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तळेगावच्या बाजूला तो बराच कमी असतो. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावांत एक पावसाळा घरात काढलेले बी दुसऱ्या वर्षी वापरायचे, तर तपासणीशिवाय वापरूच नये. भाताच्या बियाण्यात १३ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा असे बियाणे प्रमाणीकरणाचे मानक आहे. त्याहून ओले बी पोत्यात राहिले, की दाण्याचा श्वसनवेग वाढतो, आतला अंकुर क्षीण होतो, बुरशी आणि किडे शिरतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही. जमिनीला टेकलेले किंवा भिंतीला लागून ठेवलेले पोते सर्वात आधी खराब होते.

इंद्रायणी ही सुधारित, सरळ जात असल्यामुळे तिचे घरचे बी चालते. सह्याद्रीसारख्या संकरित भाताचे घरचे बी ठेवू नका. ते उगवेल, पण पीक एकसारखे येणार नाही.

गोणपाटावरची चाचणी

पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बी काढून एकत्र करा. नुसते वरचे बी घेतले तर निकाल फसवा येतो. त्यातून न निवडता १०० दाणे मोजा. चांगले दाणे वेचून घेण्याचा मोह होतो, तो टाळा, कारण पेरताना तुम्ही वेचून पेरणार नाही. असे शंभराचे निदान दोन-तीन संच करा.

गोणपाटाचा तुकडा भिजवून घट्ट पिळा. दाणे दहा-दहाच्या ओळीत, एकमेकांना न चिकटता मांडा, वर दुसरा ओला तुकडा ठेवा आणि हलक्या हाताने गुंडाळी करा. गुंडाळी सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. ओल हवी, पण पाणी ठिबकायला नको. आठव्या दिवशी उघडून मोजा. मुळी आणि कोंब दोन्ही धड असलेली रोपेच धरा. नुसते टरारलेले, मुळीशिवाय कोंब आलेले किंवा बुरशीने वेढलेले दाणे मोजणीत धरू नका. घरच्या बियाच्या बाबतीत आपण मोजताना जरा उदार होतो, म्हणून हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला सांगितलेले बरे.

८० किंवा अधिक दाणे उगवले तर बी प्रमाणित बियाण्याच्या किमान मानकाला उतरले. एकरी साधारण १४ ते १६ किलो बी पुरते. ७० उगवले तर त्याच प्रमाणात बी वाढवा : १६ किलोच्या जागी सुमारे १८ किलो. ६० च्या खाली गेले तर बी वाढवून भागवू नये असे आमचे मत आहे. अशा बियातून जे उगवते तेही अशक्त असते आणि राबात रोपे मागे-पुढे राहतात. अजून मे महिना असेल तर सरळ बी बदला.

मिठाचे पाणी काय करते आणि काय करत नाही

१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडा आणि ढवळा. तरंगणारे पोचट, रोगट दाणे काढून टाका, तळाचे बी घ्या. ते स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवा, कारण अंगावर मीठ राहिले तर उगवणीलाच मारक ठरते. एवढे केले की बी ‘चांगले झाले’ असे समजले जाते, ते खरे नाही. मिठाचे पाणी हलका दाणा वेगळा करते, मेलेल्या दाण्यात जीव आणत नाही. वजनदार दाणासुद्धा मेलेला असू शकतो. म्हणून या पाण्यातून काढलेल्या बियाचीही एक चाचणी घ्या.

मोड कसे आणावेत?

स्वच्छ धुतलेले बी २४ तास पाण्यात भिजवा आणि मधे एकदा पाणी बदला. नंतर निथळून ओल्या गोणपाटात सैल बांधा आणि उबदार जागी ठेवा. भाताला उगवायला ३० ते ३५ अंश तापमान सर्वात मानवते. जूनमध्ये पाऊस लागला की लोणावळ्याकडे हवा एकदम गार होते, तेव्हा ओसरीपेक्षा चुलीजवळचा कोपरा बरा. दिवसातून दोनदा बी खालीवर करून पाणी शिंपडा. मोड येताना दाणे स्वतःच उष्णता सोडतात. हात घालून पाहा : कोमट लागले तर ठीक, गरम लागले तर ढीग पसरा.

बी दोन-तीन दिवस पाण्यातच ठेवले तर? भात हे पाण्याखाली, हवेशिवायही उगवणारे अपवादात्मक धान्य आहे. पण तिथे नुसता कोंब लांबतो, मुळी अडून राहते. हवा मिळाली की मुळी धड निघते. म्हणून आधी पाणी, मग ओली हवा, असा क्रम आहे. २४ ते ३६ तासांत पांढरे टोक दिसले, म्हणजे एक-दोन मिलिमीटर, की पेरा. त्याहून लांब मोड एकमेकांत गुंततात आणि फेकताना तुटतात.

मोड आलेले बी थांबत नाही, म्हणून चिखलणी केलेला वाफा तयार असल्याशिवाय बी भिजवू नका. ही रहू पद्धत सततच्या पावसाने वाफसा मिळत नसेल तेव्हा कामाची. वाफ्यातले पाणी काढून चिखलावर बी फोका. त्याच रात्री जोराची सर आली तर बी वाहून एका कडेला जमते, म्हणून वाफ्याभोवती चर आधीच काढा. पाऊस सुरू व्हायच्या आत पेरणार असाल, तर मोड न आणलेले कोरडे बी गादीवाफ्यावर ओळीत, एक-दोन सेंटिमीटर खोल पेरणे चांगले. बीजप्रक्रिया करताना आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर जिवाणू खत. मात्रा वेष्टनावरचीच घ्या.

बी विकत आणले असेल तरी चाचणी चुकवू नका. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, त्यावरची मुदत पाहा. पिशवी टॅगच्या विरुद्ध बाजूने फोडा आणि टॅग, पावती व मूठभर बी लावणी होईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करताना हेच दाखवावे लागते. रंगीत, औषध लावलेले उरलेले बी कोंबड्यांना टाकू नका.